जिन्यापाशीचं दार

१

आगीत टिकणारी दारं बनवणाऱ्या कारखान्यातच आग लागली आणि कारखान्याचे थोरले मालक धुरात गुदमरून गेले. शहरात लोक यावर हसले. माणूस गेल्यावरही लोकांना हसू येतं हे मी नोकरीत इतक्यांदा पाहिलंय की आता त्याचं नवल वाटत नाही, चीड मात्र येते.

मी अग्निशमन दलातून निवृत्त झालेली बाई. आगीत कुणी दगावलं की खातं अजूनही मला बोलावतं. बाकीचे पाणी मारून घरी गेले की मी जाते आणि राख चिवडत बसते, म्हणून माझं नाव पडलं राखबाई. तोंडावरही तेच म्हणतात.

कारखाना दोघा भावांचा, कामगारांच्या तोंडी थोरले आणि धाकटे. इमारत दुमजली. खाली गोदाम, त्यात रंग, व्हार्निश, पॉलिश आणि तेलाचे डबे. गोदामातून बाहेर आलं की जिन्याची खोली. तिथून उजवीकडे अंगण, आणि जिना चढून वर गेलं की धाकट्यांचं ऑफिस. गोदाम आणि जिना यांच्यामध्ये कारखान्यातच बनलेलं एक जाड दार होतं, तासभर आग अडवेल असं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत गोदाम पेटलं. बंब आला तेव्हा ते दार बंद होतं, आणि तरीही जिना धुराने गच्च भरला होता. थोरले वर सापडले, धाकट्यांच्या ऑफिसच्या दाराबाहेर.

"दार बंद असूनही धूर आला, म्हणजे दारच कुचकामी," धाकटे म्हणाले. आगीनंतर चौथ्या दिवशी मी गेले, तेव्हा मला सगळं दाखवायला ते सोबत आले होते. रात्रभर झोप नसलेला चेहरा, पण दाढी मात्र गुळगुळीत.

"तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"मागच्या फाटकाशी. फळ्यांचा ट्रक आला होता, तो हॉर्न वाजवून बेजार करत होता. ओरडा ऐकून धावत आलो. इथपर्यंत शिरलो, तर दार बंद आणि चारी कडांनी धूर बाहेर येतोय. डोळे उघडेनात. मागे फिरलो. दादा वर आहे हे मला काय ठाऊक? त्या वेळी तो भट्टीघरात असायचा."

भट्टीघर म्हणजे अंगणापलीकडची शेड. तिथे नमुन्याची दारं मुद्दाम जाळून पाहतात.

"हे दार बसवलं कुणी?"

धाकट्यांनी अंगणाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, पण पलीकडे ऐकू जाणार नाही इतका काही खाली आणला नाही. "पुतणीने. दादाची पोर. हौस म्हणून तिच्या हातात हत्यारं दिली दादाने. मी नको म्हणत होतो."

ती फळ्यांच्या थप्पीवर बसली होती. तिशीची, दणकट खांद्यांची, अंगठ्याला जुना घट्टा. कारखान्यातलं प्रत्येक दार बसवायची ती. मी शेजारी जाऊन बसले, तरी तिने मान वर केली नाही.

"माझ्या हातून झालं," ती म्हणाली. "फट जास्त राहिली असणार. उद्या पोलिसांत जाऊन तेच सांगते. हत्यारं काकांना देऊन टाकली."

"कडेची पट्टी बसवली होतीस?"

"बसवली होती. पण मग धूर कुठून आला? तुम्हीच सांगा."

ही पट्टी दाराच्या कडेला खाच पाडून बसवतात. एरवी ती पातळ आणि गरीब. आगीची धग लागली की ती फुगते आणि दार-चौकटीतली फट बुजवून टाकते. दार बंद असताना फुगली, तर फुगायला जागाच नसते. चौकटीत दबून पापुद्र्यासारखी चपटी होते. मी उठून दारापाशी गेले आणि विजेरी धरून कड बघितली.

तिथे पापुद्रा नव्हता. पट्टी मोकळ्या हवेत बोटभर फुगली होती, आणि मग तो काळा ठिसूळ फेस चौकटीला घासून जिन्याच्या बाजूला खरवडून गोळा झाला होता. बिजागऱ्यांच्या आतल्या पात्यांवर काजळी होती, जिथे बंद दारात ती पोचूच शकत नाही.

मी परत जाऊन मुलीला म्हटलं, "उद्या पोलिसांत जाऊ नकोस. आग लागली तेव्हा तुझं दार सताड उघडं होतं. नंतर कुणीतरी ते लावलं."

२

दार उघडं ठेवायचं कारण सगळ्यात जास्त कुणाला असणार? ज्याचे दोन्ही हात दिवसभर भरलेले असतात त्याला. म्हणून मी गोदामातून डबे ने-आण करणाऱ्या पॉलिशवाल्याला भेटायला गेले. तो दवाखान्यात होता. गोदामाच्या मागच्या खिडकीतून पेटलेले डबे बाहेर ओढताना त्याचे दोन्ही हात भाजले होते आणि कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. बायको त्याला बशीने चहा पाजत होती.

मी बसायच्या आतच तो बोलू लागला. "बाई, आग माझ्यामुळे लागली. तेलाचे बोळे कोपऱ्यात ढीग करून ठेवले होते मी. थोरले कित्येकदा म्हणाले, पाण्यात बुडवून ठेव, ते आपलेआप तापतात. मी हो हो म्हणायचो."

तेलाचे बोळे खरोखरच आपलेआप तापून पेटतात. मला त्याचा राग आला, आणि त्याच्या हातांकडे पाहून तो गिळावा लागला.

"आगीचं नंतर बघू," मी म्हटलं. "दाराचं सांग. उघडं कोण ठेवायचं?"

"मी नाही." तो कसनुसा हसला. "एकदा वीट लावली होती. त्या पोरीने ती वीट माझ्या पिशवीत घालून घरी पाठवली, आणि वर हिला निरोप, की नवऱ्याला विटा आवडतात. तेव्हापासून कानाला खडा."

बायकोने मान डोलावली. वीट अजून घरी होती म्हणे.

"त्या दिवशी सुट्टीला बाहेर पडलास, तेव्हा दार?"

"माझ्या मागे धाडकन लागलं. ते दार लागतंच तसं, आपोआप आणि सगळी इमारत हलवून. धाकटे नेहमी कटकट करायचे, वर त्यांची दुपारची झोप मोडते म्हणून. पोरीला म्हणाले, जरा ढिलं कर. ती म्हणाली, काका, बंद होणं हेच त्याचं काम आहे." तो जरा घुटमळला. "एक सांगू? कधी कधी सुट्टीवरून आलो की दार उघडंच दिसायचं. मला सोयीचंच होतं. कोण ठेवतं ते विचारलं नाही."

"आणि आत किती माल होता?"

"होता नव्हता तो सगळा गेला. रंगाचा थेंब उरला नाही कारखान्यात. भट्टीघरात तो आगीचा रंग आहे तेवढा, पण त्याने कोण खुर्च्या रंगवतो?"

निघताना मी डॉक्टरांना गाठलं. थोरल्यांना तपासलं होतं त्यांनीच. मृत्यू धुराने, यात शंका नव्हती. पण दोन गोष्टी त्यांना खटकल्या होत्या. डाव्या हाताचा तळवा भाजलेला होता, आणि उजव्या हाताच्या बोटांची पेरं सोलून निघाली होती.

"कुणाशी मारामारी झाली असेल का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी दोन्ही गोष्टी वहीत टिपून घेतल्या.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्याच्या खोलीत गुडघ्यांवर बसले होते. या वयात गुडघे त्याबद्दल शिव्या देतात. फरशीवर काजळीचा थर भाजून घट्ट बसला होता, पाण्यानेही निघाला नव्हता. उघडं दार भिंतीकडे जिथवर येतं, नेमकं तिथेच एक गोल फिका डाग होता. तिथे काहीतरी ठेवलेलं होतं, तळाशी गोल आणि जड. दाराला अडवून ते धुरात उभं होतं. नंतर तिथून ते सरकलं आणि मग गायब झालं.

धाकटे अंगणातून बघत होते. "काही सापडलं?"

"तुमच्या भावाचा तळवा कशाने भाजला असेल?"

"भट्टीवर काम करणाऱ्याचे हात ते. रोज कुठे ना कुठे भाजायचं."

"आणि पेरं?"

"लाकडाचं काम. सोलपटतातच." ते घाईने म्हणाले. सगळ्याला उत्तर तयार असलेली माणसं मला आवडत नाहीत, पण तेवढ्यावरून कुणाला फासावर देता येत नाही.

"मला तुमचं ऑफिस बघायचंय."

त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. "तुम्ही जा. आगीनंतर मी वर गेलेलो नाही. पाय उचलत नाही."

हे खरं होतं. काजळीने माखलेल्या पायऱ्यांवर जवानांच्या बुटांचे ठसे होते, दुसरे कुणाचेच नव्हते.

वर ऑफिसचं दार साधं होतं, प्लायचं, ओढलं की आपोआप कुलूप लागणारं. आत कोच, उशी, टेबल. कोचावरून उठून कुणी बाहेर गेलं आणि दार ओढून घेतलं, एवढंच ती खोली सांगत होती. मी बाहेर येऊन दार लावलं, तेव्हा त्याची जिन्याकडची बाजू समोर आली. ती काळी होती, आणि त्या काळ्यात काही पुसलेले ठिपके होते. पहिले छातीच्या उंचीवर, त्यांच्या खाली आणखी, मग कमरेच्या उंचीवर. शेवटचा अगदी खाली होता.

मी वरच्या पायरीवर बसून राहिले. खाली कुणीतरी मला हाका मारत होतं.

४

हाका मुलगी मारत होती. पोलिसांत ती गेली नव्हती. "कुणीतरी उघडं ठेवलं म्हणालात. कशाने? वीट नव्हती ना?"

"गोल तळाचं आणि जड, असं काय आहे तुमच्याकडे?"

तिने क्षणभर विचार केला आणि मला शेजारच्या खोलीत नेलं. तिथे दाराचे थर सरसाने चिकटवून वर लोखंडी वजनं ठेवतात. वर पकडायला कडी आणि खाली गोल बूड, एका माणसाला उचलता येईल असं वजन. फळीवर चार वजनं ओळीने मांडली होती, चारही करड्या रंगाची.

"चारच असतात?"

"चारच. सगळी जागेवर आहेत." तिचा चेहरा पडला.

मी वजनांवर बोट फिरवलं. तीन वजनांचा रंग जुना होता, सरसाचे ओघळ पडलेला, कडांना उडालेला. चौथ्याचा करडा रंगही तसाच होता, पण थर जाड होता. त्यावर सरसाचा एकही ओघळ नव्हता. बूड मी फरशीवरच्या डागावर ठेवून पाहिलं. वजनं सारखीच असल्यामुळे चारातलं कोणतंही तिथे बसलं असतं, त्यामुळे त्यातून काही सिद्ध होत नव्हतं.

"चहा करायचा एखादा स्टोव्ह आहे का गं?" मी विचारलं.

तिने पटाशी गरम करायचा छोटा गॅसचा बर्नर आणला. मी पहिल्या वजनावर ज्योत धरली. रंग काळवंडला, सोलला, वास आला. चौथ्यावर धरली. आधी काहीच झालं नाही. मग रंग हलला, सुजला, फुगत गेला आणि त्या लोखंडाच्या अंगावर बोटभर जाडीचा फेस उभा राहिला.

"हा तर आगीचा रंग, धग लागली की फुगणारा," मुलगी हळूच म्हणाली. "भट्टीघरातला. पण वजनाला तो कोण लावेल?"

"काकांना बोलाव," मी म्हटलं. "आणि पॉलिशवाल्याला रिक्षाने आणायची सोय कर. मला सगळे समोर हवेत."

५

आम्ही अंगणातच बसलो. पॉलिशवाल्याने पट्ट्यांचे हात मांडीवर ठेवले होते. मुलगी उभीच होती. मी वजन मध्ये ठेवलं.

"याने दार अडवलं होतं," मी म्हटलं. "आगीत याचा जुना रंग जळून गेला. असं जळकं वजन कुणी पाहिलं असतं तर लगेच विचारलं असतं, हे आगीत कसं आलं. म्हणून कुणीतरी ते उचललं, घासलं आणि रंगवलं. पण कारखान्यातला सगळा साधा रंग जळून गेला होता. उरला होता तो फक्त भट्टीघरातला आगीचा रंग, तोच हाती आला. म्हणजे हे काम आगीनंतरचं. आता ते कुणाचं? पॉलिशवाल्याला कप धरता येत नाही, तो ब्रश काय धरणार? या मुलीचं म्हणाल, तर दार उघडं होतं हे कळलं असतं तर ती सुटली असती. ती वजन लपवेल कशाला? ती तर ते डोक्यावर घेऊन गावभर मिरवली असती."

धाकटे वजनाकडे बघत होते.

"आणि बंद दाराच्या कडांनी धूर येताना तुम्ही पाहिलात म्हणालात. ते खोटं होतं."

त्यांनी कानावर हात ठेवले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते एकदम बोलू लागले.

"दुपारची घटकाभर झोप. तेवढीच मागत होतो मी. जेवून वर जाताना वजन लावायचो, उतरताना काढायचो. कुणाला कळायचंही नाही. त्या दिवशी आडवा झालो आणि ट्रकवाला बोंबलायला लागला. ऑफिस ओढून घेतलं, खाली आलो, तसाच फाटकाकडे गेलो. वजन राहिलं. परत आलो तेव्हा अंगणातूनच धूर दिसला, आत शिरलोच नाही." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "जवान गेल्यावर बघतो तर दार बंद आणि वजन भिंतीशी पडलेलं. मला वाटलं, सुटलो. दादा तर गेलाच होता."

"आणि मी?" मुलगी म्हणाली.

"तू लहान आहेस, पोरी. तुझं काम पुन्हा उभं राहिलं असतं. माझं..."

"काका, मी बाबांना मारलं म्हणून मला झोप येत नव्हती. तुम्ही रोज समोर बसून बघत होतात."

पॉलिशवाल्याने मान फिरवली.

"पण मग दार लागलं कसं?" धाकट्यांनी मला विचारलं. प्रश्न खरा होता. इतके दिवस त्यांना तो छळत असणार. "आपोआप?"

"वजन पुढे असताना दार आपोआप लागत नाही. कुणीतरी वजन पायाने सरकवलं, तापलेली मूठ डाव्या हाताने धरली आणि फुगलेल्या पट्टीवर खांदा देऊन दार चौकटीत बसवलं. तळवा कुणाचा भाजला होता ते तुम्हाला माहीत आहे."

मुलगी भिंतीला टेकली. "आधी दार," ती पुटपुटली. "बाबा भट्टीघरात प्रत्येकाला हेच शिकवायचे. आधी दार, मग बाकीचं."

"भट्टीघरातून त्यांना धूर दिसला असणार. ते आले, दार लावलं. आणि तुझं दार त्यानंतर टिकलं, बाई. गोदामाचं छत कोसळलं, पण दारालगतचा जिन्याचा लाकडी कठडा जळलेला नाही. जाऊन हात लावून बघ. धूर आला तो दार उघडं होतं तेव्हाचा. त्यानंतर आग तुझ्या दाराने अडवली."

ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, असं पॉलिशवाला मला नंतर म्हणाला. मी तिला रडू दिलं.

धाकट्यांच्या मनात मात्र दुसरंच काही चाललं होतं. "मग दादा बाहेर का नाही आला?" ते म्हणाले. "दार लावलं ना? अंगण तिथे, चार पावलांवर. वर कशाला गेला तो? वर होतं काय?"

"तुम्ही दुपारी झोपताना ऑफिस आतून लावून घेता?"

"हो. कुणी मध्येच येऊ नये म्हणून."

"हे तुमच्या भावाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत..." ते थांबले.

मुलीने डोळे पुसले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे. मला वाटतं, तिला त्याच क्षणी कळलं. काकांनी खालच्या खोलीत ठेवलेली आपली हत्यारांची पेटी तिने आणली आणि ती वर गेली. आम्ही खाली बसून ऐकत होतो. एकेक स्क्रू निघून पायरीवर पडत होता आणि टपटपत खाली येत होता. मग ती ऑफिसचं दार पाठीवर घेऊन उतरली आणि ते अंगणात, उजेडात, काकांसमोर भिंतीला टेकवून उभं केलं.

काजळीतले ठिपके इथून स्वच्छ दिसत होते. छातीच्या उंचीवर पुष्कळ, जोराने मारलेले. कमरेच्या उंचीवर थोडे. खाली, बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे, एकच.

"बाबांना वाटलं, तुम्ही आत झोपलाय," ती म्हणाली.

धाकटे उठले आणि दारापाशी आले. त्यांनी हात पुढे केला, पण लावला नाही. मग ते तिथेच खाली बसले. शेवटचा ठिपका त्यांच्या डोळ्यांसमोर होता.